जुन्या टी-शर्टाचा कसरतीचा सदरा
(सातारा जिल्ह्यातील एका गावी महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढं एक लहानशी गोष्ट घेऊन आलो आहोत. ती विकत आणायची नाही. ती तुमच्या घरातच आहे. पेटीत असेल, फडताळात असेल, नाहीतर चुलीपाशी फडकं म्हणून पडली असेल. ती गोष्ट म्हणजे जुना टी-शर्ट.

तुम्ही म्हणाल, जुन्या टी-शर्टावर काय भाषण करायचं? विटला की भांडी पुसायला घ्यावा. पण थोडं थांबा. या जुन्या कपड्यापायी एका पोरीचं धावणं बंद पडलं होतं. आणि अशाच जुन्या कपड्यानं ते पुन्हा सुरू झालं. ते कसं, हे आधी सांगतो.

एका पोरीची गोष्ट

आम्ही गावोगाव शिवणवर्ग घेतो. एकदा थंडीच्या दिवसांत माण तालुक्यातल्या एका गावात आमचा मुक्काम होता. गावाचं नाव सांगत नाही. पोरीचंही सांगत नाही.

त्या गावात पहाटे पाच वाजता पोरी रस्त्यानं धावायच्या. पोलीस भरतीची तयारी चालली होती. भरतीला मुलींना 800 मीटर धावावं लागतं, 100 मीटर धावावं लागतं आणि 4 किलोचा गोळा फेकावा लागतो. पुस्तक वाचून हे येत नाही. त्याला रोजचा सराव लागतो.

त्यातली एक पोर सगळ्यांच्या पुढं असायची. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. आठवडा झाला, तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो.

आई म्हणाली, "आभ्यास हाय तिला."

पोर खाली मान घालून बसली होती. आजी वाकळ शिवत होती. तिला काही राहवलं नाही. ती म्हणाली, "आवो बाई, आभ्यास कशाचा? कापडाचं दुखणं हाय ह्ये."

मग सगळं कळलं. पोर भावाचा जुना टी-शर्ट घालून धावायची. तो तिला फार मोठा होता. गळा खांद्यावरून घसरायचा. एका हातानं तो सावरायचा आणि एका हातानं पळायचं. रंग पांढरा. घामानं भिजला की अंगाला चिकटायचा. रस्त्याच्या कडेला काही टवाळ पोरं बसली होती. त्यातला एकजण काहीतरी बोलला. घरी कळलं. आईनं धावणं बंद केलं.

चूक बोलणाऱ्याची होती. शिक्षा मात्र पोरीला झाली.

त्या टवाळांना गावानं समज द्यायला हवी. ती दिलीच पाहिजे. पण गाव बसेल, बोलेल, तोवर भरतीचा दिवस निघून जाईल. आईला आम्ही विचारलं, "बाई, नीट कपडा असता तर पाठवली असती का?"

ती म्हणाली, "पाठवली असती की. पण दुकानातला कपडा घ्यायचा म्हंजे दोन दिसाची मजुरी. आन् एकानं भागतंय व्हय? बूट घ्यायचं का कापड घ्यायचं?"

तिचं म्हणणं खरं होतं. बूट घरी शिवता येत नाहीत. पण कपडा शिवता येतो.

ही आपल्याला नवी गोष्ट नाही

बायाबापड्यांनो, कसरत करणं आणि कसरतीचा कपडा घरी करणं, या दोन्ही गोष्टी आपल्या मुलखात जुन्या आहेत. सातारा आणि सांगली हे पूर्वी एकच होते. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. या सगळ्या मुलखात गावोगाव तालमी आहेत. कुंडलचं कुस्तीचं मैदान तुम्हाला ठाऊकच आहे. तालमीतल्या गड्याचा लंगोट काही मोठ्या दुकानातून येत नसे. तो गावचा शिंपी शिवी, नाहीतर घरची बाई शिवी.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच तालमीत वाढले. 1952 साली ते हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनं एकट्याच्या बळावर मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

आता तुम्ही म्हणाल, ती पुरुषांची गोष्ट झाली. तर औंधाकडे बघा. औंधचं संस्थान लहान होतं. त्यातलं औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा मोठा प्रसार केला. त्यांच्या संस्थानात शाळेतली मुलं नमस्कार घालत आणि मुलीही घालत. राजाच्या घरातल्या बायकाही घालत. शंभर वर्षांपूर्वी आपल्या मुलखात बाईनं व्यायाम करणं चालत होतं. मग आज का चालू नये?

आणि माणदेशाच्या मोही गावची ललिता बाबर तर तुमच्या शेजारचीच. दुष्काळी गावची शेतकऱ्याची पोर. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती 3000 मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावली. अडथळे ओलांडायचे, पाण्याचा खड्डा ओलांडायचा आणि धावत राहायचं. ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. पी. टी. उषा 1984 साली अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर एकटीच्या धावण्याच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी भारतातली पहिली बाई ललिता. मधे 32 वर्षं गेली होती.

तेव्हा आपल्या मातीत पळणाऱ्या पोरी आहेत. त्यांचं पळणं एका ढगळ कपड्यापायी थांबायला नको.

आधी आमची चूक ऐका

त्या घरी आम्ही मोठ्या उत्साहानं कात्री घेतली. माप घेतलं नाही. गळा नीट करायचा म्हणून गळ्याची जुनी पट्टी कापून टाकली. बघता बघता गळा आणखी पसरला. मग दोन्ही बाजूंनी मशीनवर बारीक टीप मारली. पोरीनं सदरा डोक्यातून घातला, तर कड्‌कड् करून दोरा तुटला.

आजी हसली. म्हणाली, "आवो, वाकळंचं कापड न्हाई ह्ये. रबरावाणी ताणतंय. दोऱ्यालाबी ताणू द्या की."

वर्ग घेणाऱ्या आम्ही, आणि धडा दिला आजीनं. तिचं बोलणं अगदी बरोबर होतं.

विट्याला माग आहेत. मागावरच्या कापडात एक उभा धागा आणि एक आडवा धागा असतो. ते कापड कापलं की दशा सुटतात. टी-शर्टाचं कापड तसं नसतं. ते स्वेटरसारखं, फासात फास अडकवून केलेलं असतं. म्हणून ते ताणतं. कापलं तरी त्याच्या दशा सुटत नाहीत, कड नुसती गुंडाळते. हा त्याचा गुण आहे. म्हणून कड दुमडून शिवली नाही तरी चालतं. पण त्याला घट्ट, बारीक टीप चालत नाही. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, मग दोरा तुटतो.

आता सदरा कसा करायचा

नीट ऐका. घरी जाऊन करून बघा.

1. कपडा निवडा. टी-शर्ट उजेडात धरा. काखेत विरला असेल तर तो सोडा. हातानं आडवा ताणा आणि सोडा. पुन्हा जागेवर आला तर कापडात जीव आहे. रंग गडद घ्या, म्हणजे घामानं भिजल्यावर अंग दिसत नाही. छातीवर रबराचा मोठा छाप असेल तर नको. त्यातून वारा जात नाही. आपल्या घरात मंडळाचे, यात्रेचे, निवडणुकीचे टी-शर्ट पडलेले असतात. उमेदवार निवडून आला का पडला, हे आता बघू नका. कापड चांगलं आहे का, ते बघा.

2. धुऊन वाळवा. मळलेल्या कपड्याचं माप चुकतं.

3. माप घ्या. छातीभोवती दोरी फिरवा आणि ती मोजपट्टीवर धरा. समजा, 32 इंच भरली. हालचालीसाठी 2 इंच वाढवा. झाले 34. त्याचे चार सारखे भाग करा. एक भाग साडेआठ इंचांचा. हा आकडा लक्षात ठेवा.

4. खूण करा. टी-शर्ट उलटा करा, म्हणजे आतली बाजू बाहेर येईल. तो सपाट अंथरा. मधोमध खडूनं उभी रेघ ओढा. त्या रेघेपासून डावीकडे साडेआठ इंच आणि उजवीकडे साडेआठ इंच, अशा छातीपाशी खुणा करा. कमरेखाली रेघ थोडी बाहेर न्या. तिथं सदरा तंग झाला तर धावताना वर सरकतो. वर ही रेघ काखेतून वळवून बाहीच्या टोकापर्यंत न्या.

5. आधी शिवा, मग कापा. हे सगळ्यांत मोठं वाक्य. रेघेवर आधी हातानं कच्चा धावदोरा घाला. पोरीला सदरा घालून बघू द्या. बरोबर बसला तर पक्की शिलाई करा. नाही बसला तर दोरा ओढून काढा. काही बिघडलं नाही. पक्की शिलाई झाल्यावरच जादा कापड कापा. कापताना शिलाईच्या बाहेर अर्धा इंच माया सोडा. पोर वाढती आहे. पुढच्या वर्षी उसवून सैल करता येईल.

6. शिलाई कशी करायची? मशीनवर नागमोडी टाका असेल तर तो घाला. साध्या पायमशीनवर टाका मोठा ठेवा आणि शिवताना कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा. मशीनला बोथट टोकाची सुई लावा. अणकुचीदार सुईनं फास तुटतो आणि भोकं पडतात. मशीन नसेल तर हातटीप घाला. एक पाऊल पुढं, अर्धं पाऊल मागं, असा टाका. दोरा ओढून घट्ट करू नका.

7. गळा मोठा असेल तर जुनी पट्टी कापू नका. आमची चूक तुम्ही करू नका. जे कापड उरलं, त्यातून दोन इंच रुंद पट्टी आडवी कापा. टी-शर्टाचं कापड आडवं जास्त ताणतं. पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड घ्या. तिची टोकं जोडून कडं करा. कडं डोक्यातून सहज जातं ना, ते बघा. मग ते उभं दुमडा आणि गळ्याला आतून लावा. लावताना पट्टी ताणत जा. ती गळ्याला ओढून धरते आणि गळा घसरत नाही.

8. रंग फिका असेल तर पुढच्या बाजूला अस्तर लावा. दुसऱ्या जुन्या टी-शर्टाचा तुकडा चालतो. तो खांद्यापासून छातीच्या खालीपर्यंत घ्या.

आता सदरा घालून अंगणात परीक्षा घ्या. हात वर करा. खाली वाका. दहा उड्या मारा. गळा घसरला नाही, पोट उघडं पडलं नाही, काखेत कापड ओढलं नाही, तर सदरा पास झाला.

एक गोष्ट आया-बहिणींना मोकळेपणानं सांगतो. वयात आलेल्या पोरीला धावताना आतून आधार देणारा कपडा लागतो. हा सदरा त्याची जागा घेत नाही. आतला कपडा मापाचा आणि चांगला घ्या. सदऱ्याचे पैसे वाचले, ते त्याला आणि बुटांना लावा. पोरीला हे विचारायला लाज वाटते. तेव्हा आईनंच विचारावं.

खेळ तसा सदरा

सगळ्या खेळांना एकच सदरा चालत नाही.

कबड्डीला ढगळ सदरा नको. झटापटीत तो हाताला लागतो आणि टरकन फाटतो. सूर्यनमस्काराला खालचा घेर बेताचा ठेवा. नाहीतर वाकलं की सदरा तोंडावर येतो.

तिरंदाजीला तर फार जपावं लागतं. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेती झाली. तेव्हा ती 17 वर्षांची होती. धनुष्याची दोरी सुटते, ती हाताच्या आणि छातीच्या अगदी जवळून जाते. बाही सैल असेल तर दोरी तिला लागते आणि बाण भरकटतो. म्हणून तिथं बाही आणि छाती अंगासरशी हवी.

वजन उचलणाऱ्यानं छातीपाशी बटण, टिकली काही ठेवू नये. दांडा तिथंच येतो. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलून रौप्यपदक मिळवलं. त्याच्या वडिलांची पानाची टपरी होती. टपरीवाल्याचा पोरगा तिथवर जातो, तर तुमचं-आमचं पोर का जाणार नाही?

पोरांसाठी काम आणखी सोपं आहे. बाह्या कापल्या की बंडी झाली. पण मुंढा फार खोल कापू नका. कापल्यावर तो आपोआप थोडा पसरतो. आधी कमी कापा. लागलं तर मग आणखी कापा.

जे तुकडे उरतील, तेही टाकू नका. बाहीच्या तुकड्याची कपाळपट्टी होते. घाम डोळ्यांत जात नाही. बाकीचं वाकळेत घाला.

कपडा निगेनं वापरा

सुती कपडा घाम पितो, पण लवकर वाळत नाही. थंडीत पहाटे ओला कपडा अंगावर राहिला तर हुडहुडी भरते. म्हणून धावून झालं की लगेच कोरडा कपडा घाला. कृत्रिम धाग्याचा कपडा लवकर वाळतो, पण त्याला घामाचा वास धरतो. तो त्याच दिवशी धुवा.

ओला सदरा पिशवीत गुंडाळून ठेवू नका. तोच सदरा न धुता दुसऱ्या दिवशी घालू नका. एकाचा सदरा दुसऱ्यानं घालू नका. नायटा असाच पसरतो. तालमीतल्या पोरांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. म्हणून एकाला दोन सदरे करा. एक अंगावर, एक दोरीवर. जुने टी-शर्ट घरात आहेतच. दुसऱ्याला पैसा लागत नाही.

पुढं काय झालं

त्या पोरीचं काय झालं, ते ऐकायचं राहिलं.

दुसरा सदरा आजीनं शिवला. निळ्या रंगाच्या टी-शर्टाचा. गळ्याला काळी पट्टी. शिलाई हातानं केली, मशीन वापरलं नाही. दोन संध्याकाळी लागल्या. पोरीनं तो घातला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि आईकडे बघितलं.

आई काही बोलली नाही. पण पहाटे पाचला ती स्वतः बॅटरी घेऊन पोरीबरोबर रस्त्यावर आली. कडेच्या दगडावर बसून राहिली. त्या दिवशी तिथं टवाळ पोरं फिरकली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी एक आई आली. मग त्यांनी पाळ्या लावल्या. आज हिची आई, उद्या तिची.

त्या वर्षी पोर भरतीला गेली. थोड्या गुणांनी तिची निवड हुकली. हे आम्ही लपवत नाही. सदरा शिवला म्हणून नोकरी मिळते, असं आम्ही सांगणार नाही. पण ती घरी बसली नाही. आता पुन्हा तयारी करते आहे. तिच्याबरोबर गावातल्या आणखी पोरी धावतात. त्यांतल्या तिघींचे सदरे आजीनं शिवले. चौथी स्वतः शिकली.

तर बंधूंनो, भगिनींनो, आमचं मागणं एवढंच आहे. आज घरी गेल्यावर पेटी उघडा. जुने टी-शर्ट काढा. पोरीला जवळ बसवा आणि विचारा, "तुला खेळायला जायचं हाय का? कपड्याची अडचण हाय का?" वडिलांनीही विचारावं. त्यात कमीपणा नाही.

मग दोरी घ्या, खडू घ्या, सुई-दोरा घ्या. आधी शिवा, मग कापा. आणि माया थोडी जास्तच सोडा. पोर वाढणार आहे.